द्राक्षवेलीतील पोषणदोष व शरीरक्रियात्मक विकृती : निदान आणि उपाययोजना

द्राक्षवेलीचे पान पिवळे पडले की जमिनीत कोणत्या तरी अन्नद्रव्याची उणीव आहे असे समजावे आणि ते अन्नद्रव्य खताच्या रूपाने घालावे, ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. तिच्यात अर्धेच सत्य आहे. पानातील उणीव ही निश्चितपणे पानातील उणीव असते. ती जमिनीतही असेलच असे नाही. जमिनीत विपुल असलेले लोह चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. मुळांनी घेतलेले पालाश घडांच्या भाराने पानांतून ओढले जाते. मॅग्नेशियमचा मार्ग अधिक झालेले पालाश अडविते. आणि सोडियमने करपलेली पानाची कड पालाशाच्या अभावाने करपलेल्या कडेसारखीच दिसते. या प्रत्येक प्रसंगी उपाय वेगळा आहे. काही प्रसंगी तर नेहमीचा उपाय हाच अपाय ठरतो.

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्षशेतीत हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. मांडव, कलमे, ठिबक सिंचन यांवर लागवडीच्या वेळीच मोठे भांडवल गुंतलेले असते आणि त्याची फेड पुढील दहा-पंधरा वर्षे वेल निरोगी राहण्यावर अवलंबून असते. चुकीच्या निदानाने एका हंगामाचा खर्च वाया जातो, हे नुकसान लहान होय. त्या खतातील क्षार जमिनीत साठत जातात आणि बागेचे आयुष्यच खुंटते, हे मोठे. प्रस्तुत लेखात, दख्खनच्या जमिनीत व हवामानात आढळणाऱ्या प्रमुख पोषणदोषांचे आणि विकृतींचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

१. दोन छाटण्यांचे वर्ष

समशीतोष्ण प्रदेशातील द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते व वर्षातून एकदा फुटते. दख्खनमध्ये ती खऱ्या अर्थाने कधीच झोपत नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी केली जाते. उन्हाळ्यात, बहुधा एप्रिलमध्ये, खरड छाटणी होते. तिच्यानंतर वाढणाऱ्या काड्यांवरील डोळ्यांत सूक्ष्मघडाची निर्मिती होते. पुढे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली म्हणजे त्याच डोळ्यांतून घड बाहेर पडतात आणि पुढील जानेवारी ते एप्रिल या काळात फळ काढणीस येते.

या चक्राचा पोषणाच्या दृष्टीने अर्थ असा की, फेब्रुवारीत दिसणाऱ्या घडांची संख्या मागील मे-जूनमध्येच बव्हंशी ठरलेली असते. खरड छाटणीनंतर साधारणतः पाच ते आठ आठवड्यांच्या काळात डोळ्यांतील अंकुर घडाकडे वळणार की बाळीकडे, याचा निर्णय होतो. या वेळी नत्राचा अतिरेक झाला, पाने दाट होऊन डोळ्यांवर सावली पडली किंवा आकाश दीर्घकाळ अभ्राच्छादित राहिले, तर वेल हिरवीगार दिसूनही डोळे वांझ राहतात. ऑक्टोबरनंतर घातलेले कोणतेही खत ही उणीव भरून काढू शकत नाही. विकृती ज्या महिन्यात दिसते त्याच महिन्यात तिचे कारण शोधण्याची सवय द्राक्षाच्या बाबतीत प्रथम सोडावी लागते.

येथे एक परिमाण ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एक टन द्राक्षांबरोबर बागेबाहेर जाणारे नत्र सुमारे दीड किलो आणि पोटॅशियम सुमारे अडीच किलो, म्हणजे खताच्या परिभाषेत तीन किलो पालाश, इतके असते. हेक्टरी २५ टन उत्पन्न धरले तरी फळांतून होणारा व्यय नत्राचा ३७-३८ किलो व पालाशाचा ७५ किलो एवढाच होतो. छाटलेल्या काड्या व पाने बागेतच कुजविली तर त्यांतील अन्नद्रव्ये परत मिळतात. जमिनीतील स्थिरीकरण व निचऱ्यातील नाश जमेस धरूनही, कित्येक बागांत घातले जाणारे खत या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. अशा बागेत ‘अभाव’ दिसला, तर तो पुरवठ्याचा नसून शोषणाचा असावा, अशी शंका प्रथम घेणे युक्त होय.

२. पानाची साक्ष

अन्नद्रव्याच्या उणिवेची पहिली साक्ष पानच देते, आणि ती वाचण्याचा पहिला नियम स्थानाचा आहे. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही मूलद्रव्ये वेलीत सहज हलणारी आहेत. त्यांचा तुटवडा पडला की वेल जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या शेंड्यांना देते. म्हणून लक्षणे काडीच्या तळाकडील पानांवर प्रथम उमटतात. याउलट लोह, कॅल्शियम व बोरॉन एकदा पानात स्थिरावले की तेथून फारसे हलत नाहीत. म्हणून त्यांची उणीव शेंड्याकडील कोवळ्या पानांवर दिसते. जस्त व मंगल यांचे वर्तन या दोहोंच्या मधले आहे.

दुसरा नियम आकृतीचा. नत्र कमी पडल्यास संपूर्ण पान एकसारखे फिकट होते. मॅग्नेशियमच्या उणिवेत जुन्या पानाच्या मुख्य शिरांलगतचा भाग हिरवा राहतो व त्यांच्या मधला भाग पाचरीच्या आकारात पिवळा पडतो. रंगीत जातींत तो तांबूस होतो. पालाशाच्या उणिवेत पिवळेपणा कडेपासून आत सरकतो, कड वाळते व पान वर किंवा खाली वळते. लोहाच्या उणिवेत कोवळे पान जवळजवळ पांढरट-पिवळे होऊन त्यावर हिरव्या शिरांचे बारीक जाळे उठून दिसते. जस्ताच्या उणिवेत पाने लहान राहतात, त्यांचे दोन्ही अर्ध असमान होतात व देठाजवळची खाच रुंदावते. घडात पूर्ण वाढलेल्या मण्यांबरोबर बारीक, हिरवे, कठीण मणी राहतात. बोरॉनच्या अभावी शेंडे मरतात, पेरी आखूड होतात, परागनलिकेची वाढ खुंटून फलधारणा बिघडते आणि उरलेले मणी चपटे, भोपळ्याच्या आकाराचे होतात.

हे वर्णन पाठ करणे सोपे आहे. त्यावरून थेट निर्णय घेणे मात्र धोक्याचे आहे, हे फलशास्त्राच्या इतिहासातील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

३. समान लक्षणे, भिन्न कारणे

पहिले उदाहरण कॅलिफोर्नियातील ‘लहान पान’ या विकृतीचे आहे. १९३० च्या सुमारास तेथील फळबागांत या विकृतीवर लोहाचे सल्फेट मोठ्या प्रमाणात जमिनीत घालून गुण येत असे. साहजिकच ती लोहाची उणीव असावी असा तर्क झाला. परंतु चँडलर, होगलंड व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळून आले की शुद्ध लोहक्षाराने गुण येत नाही. बाजारी लोहक्षारात भेसळ म्हणून असलेल्या जस्तामुळे तो येतो. अशा रीतीने फळझाडांतील जस्ताची उणीव प्रथम ओळखली गेली. औषधाने गुण आला एवढ्यावरून रोगाचे कारण सिद्ध होत नाही, हा धडा आजही तितकाच लागू आहे; कारण आपल्या बागांत सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी बहुधा पाच-सहा द्रव्यांच्या मिश्रणाची असते आणि गुण कोणाचा हे कधीच कळत नाही.

दुसरे उदाहरण पान गुंडाळणाऱ्या विकृतीचे. या वेलींची पाने खाली वळतात, रंगीत जातींत शिरांमधला भाग लाल होतो, शिरा हिरव्या राहतात व फळ उशिरा पिकते. बाह्यतः हे चित्र पालाश किंवा मॅग्नेशियमच्या उणिवेशी इतके जुळते की पुष्कळ काळ ती पोषणाची विकृती मानली गेली. १९३० च्या दशकात जर्मनीत गेओर्ग शॉय यांनी ती कलमाद्वारे एका वेलीतून दुसरीत जाते असे दाखवून दिले. जे कलमाने संक्रमित होते ते अन्नद्रव्याचा अभाव असू शकत नाही. ही विकृती विषाणुजन्य आहे हे आता सुप्रतिष्ठित आहे, आणि तिच्यावर कोणतेही खत उपयोगी पडत नाही. निरोगी मातृवेलींची काडी वापरणे हाच उपाय होय.

तिसरे उदाहरण थॉम्पसन सीडलेस या आपल्याही मुख्य जातीचे आहे. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात थंड वसंतऋतूत या जातीच्या तळाकडील पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात. ही लक्षणे पालाशाच्या उणिवेसारखीच असतात. परंतु देठातील पोटॅशियम तपासले असता ते पुरेसे आढळते. थंडीमुळे पानातील नत्राचा चयापचय अडतो, अमोनियायुक्त नत्र व प्युट्रेसिन नावाचे अमाइन साठते आणि पेशी मरतात. हवा तापली की नवी पाने निर्दोष येतात. ज्या बागायतदाराने त्या आठवड्यात पालाश घातले, त्याला पालाशानेच गुण आला असे वाटणे स्वाभाविक आहे.

४. चुनखडी, बायकार्बोनेट आणि लोह

लोहाच्या उणिवेचा अभ्यास वनस्पतिपोषणातील सर्वांत जुन्या अभ्यासांपैकी एक आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी पिवळ्या पानांवर लोहक्षाराचे द्रावण लावून ती हिरवी करून दाखविली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या आणि अमेरिकन खुंटांवर कलमे करणे भाग पडले. तेव्हा चुनखडीच्या प्रदेशात ही नवी कलमे पिवळी पडून मरू लागली. कीड सहन करणारा खुंट चुना सहन करीत नव्हता. चुनखडीत टिकणाऱ्या जातीच्या शोधासाठी प्येर व्हियाला यांना १८८७ मध्ये अमेरिकेस पाठविण्यात आले. टेक्सासमधील द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांच्या साहाय्याने त्यांचे लक्ष चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या बर्लांडिएरी या जातीकडे वेधले गेले. आज आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या ११० आर या खुंटाच्या वंशात हीच जाती आहे.

यामागील क्रिया अशी आहे. द्राक्षाचे मूळ जमिनीत आम्ल सोडते आणि आपल्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर करून ते आत घेते. जमिनीचा सामू ८ च्या आसपास असेल आणि द्रावणात बायकार्बोनेट विपुल असेल, तर मुळाने सोडलेले आम्ल तत्काळ निष्प्रभ होते व रूपांतर थांबते. लोह जमिनीत आहे, मुळाशी आहे, पण आत जात नाही. याहून विलक्षण गोष्ट ही की पिवळ्या पानातील एकूण लोह कित्येकदा हिरव्या पानाइतके किंवा त्याहून अधिकही आढळते. ते पानात असूनही कार्यकारी अवस्थेत नसते. सबब केवळ एकूण लोहाच्या परीक्षणावर विसंबणे या बाबतीत निरर्थक ठरते.

बायकार्बोनेट येते कोठून? काही अंशी जमिनीतील चुनखडीतून, आणि मोठ्या अंशी विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यातून. उदाहरणार्थ, एका लिटर पाण्यात ६ मिलिसममूल्य बायकार्बोनेट आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाणी दिले जाते, असे मानू. हेक्टरी हे पाणी ५० लक्ष लिटर होते आणि त्याबरोबर जमिनीत जाणारा अल्कधर्म सुमारे दीड टन चुनखडीच्या तोडीचा असतो. बागायतदार दरवर्षी नकळत आपल्या बागेत चुना टाकीत असतो. ठिबक सिंचनाने हा सर्व भार मुळांच्या अरुंद पट्ट्यात केंद्रित होतो, ही गोष्ट आणखी गंभीर आहे.

मग जमिनीतील सारी चुनखडीच नष्ट करता येईल काय? हिशेब करून पाहावा. हेक्टरी वरच्या ३० सेंटिमीटर थरात सुमारे ४,००० टन माती असते. तीत १० टक्के चुनखडी असेल तर ती ४०० टन होते. १ किलो गंधकापासून तयार होणारे आम्ल सुमारे ३ किलो चुनखडी विरघळवते. म्हणजे या जमिनीस सव्वाशे टनांहून अधिक गंधक लागेल. हे अशक्य आहे. म्हणून गंधकाचा उपयोग ठिबकाखालील मर्यादित पट्ट्यात, शेणखतात मिसळून, मुळांभोवती अनुकूल अशी एक लहानशी जागा निर्माण करण्यापुरता करावा. पाण्यातील बायकार्बोनेट मात्र योग्य प्रमाणात आम्ल सोडून नियंत्रित करता येते. त्यासाठी पाण्याचे परीक्षण आधी हवे.

लोहाचा पुरवठा करताना चिलेटच्या प्रकाराकडे लक्ष देणे आवश्यक आहे. ईडीटीए या चिलेटमधील लोह सामू साडेसहाच्या वर टिकत नाही. डीटीपीए सुमारे साडेसातपर्यंत टिकते. ईडीडीएचए मात्र चुनखडीच्या जमिनीतही स्थिर राहते. अल्कधर्मी जमिनीत पहिला प्रकार मुळांवाटे देणे हा निव्वळ अपव्यय होय. फवारणीसाठी साधे फेरस सल्फेटही चालते. परंतु फवारलेले लोह पानापुरतेच राहत असल्याने नव्या पानांसाठी ती पुन्हा करावी लागते. ओल अधिक झाल्याने भारी जमिनीत कर्बद्विप्राणिद व त्याबरोबर बायकार्बोनेट वाढते, हेही विसरता कामा नये. परतीच्या पावसानंतर फळछाटणी झालेल्या भारी जमिनीतील बाग पिवळी पडली असता पहिला उपाय चिलेट नव्हे. पाणी तोडणे व निचरा करणे हा होय.

५. क्षार, सोडियम व पालाश

द्राक्षवेल क्षारांना मध्यम प्रतीची संवेदनशील आहे. मास व हॉफमन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार, मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्‌वाहकता दर मीटरला १.५ डेसिसायमनपर्यंत असल्यास उत्पन्नात घट येत नाही. त्यापुढे प्रत्येक एककास सुमारे ९.६ टक्के घट येते. म्हणजे वाहकता ३.५ झाली की जवळजवळ एकपंचमांश पीक गेले. ही घट पानावर ठळक लक्षण न उमटताही होऊ शकते.

क्षारांबरोबर सोडियम वाढले तर जुन्या पानांच्या कडा काळवंडून करपतात. हे लक्षण पालाशाच्या उणिवेसारखे दिसते, आणि एका अर्थाने ते तसे असतेही. कारण सोडियम मुळाशी पोटॅशियमच्या शोषणात अडथळा आणते. अशा वेळी पालाशाचे खत म्हणून म्युरिएट ऑफ पोटॅश घातले तर त्यातील क्लोराइडने क्षारभार आणखी वाढतो. देठातील क्लोराइड ०.५ टक्क्याहून अधिक झाल्यास ते विषारी ठरते. पालाश द्यावयाचेच असल्यास ते सल्फेटच्या रूपात द्यावे.

मूळ उपाय सोडियम बाहेर काढण्याचा आहे, आणि तोही जमिनीनुसार बदलतो. चुनखडी नसलेल्या विम्ल जमिनीत जिप्सम घालावे. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते. चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियम आधीच विपुल, परंतु अविद्राव्य असते. तेथे गंधक घातले असता जिवाणूंच्या क्रियेने आम्ल होऊन जागच्या जागी जिप्सम तयार होते. दोन्ही प्रकारांत सुटे झालेले सोडियम धुऊन नेण्यास गोडे पाणी व निचरा लागतो. पावसाळ्यात बोदावर मातीचा बांध घालून पाणी मुरविणे हा यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे. निचरा नसेल तर मात्र हे सारे श्रम व्यर्थ जातात.

खुंटाची निवड ही या संदर्भात दीर्घकालीन उपाययोजना आहे. पाण्याची टंचाई व क्षार यांमुळे गेल्या काही दशकांत डॉगरिज हा खुंट महाराष्ट्रात सर्वत्र पसरला. तो क्लोराइडला बऱ्याच अंशी अडवितो. परंतु क्लोराइड अडविणारा खुंट सोडियमही अडवीलच असे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगांत, क्षारयुक्त पाण्यावर थॉम्पसन सीडलेसच्या पानांतील सोडियम ११० आर या खुंटावर डॉगरिजपेक्षा कमी राहिल्याचे आढळले आहे. सबब खुंट निवडताना ‘क्षारसहिष्णू’ या ढोबळ शब्दावर न थांबता पाण्यात कोणता आयन प्रबळ आहे हे पाहिले पाहिजे.

६. देठ-परीक्षण

लक्षण आणि उपाय यांच्यामध्ये परीक्षणाची पायरी असणे अत्यावश्यक आहे. आपल्याकडे रूढ पद्धत अशी : खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, सूक्ष्मघडनिर्मितीच्या वेळी, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यावा, आणि फळछाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरील पानाचा देठ घ्यावा. पान नव्हे, देठच घ्यावा. कारण पुरवठ्यातील चढउतार, विशेषतः नत्र व पालाश यांचे, देठात अधिक स्पष्ट उमटतात.

थॉम्पसन सीडलेससाठी कॅलिफोर्नियात फुलोऱ्याच्या वेळी वापरले जाणारे निकष विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी येथे देत आहे :

पोटॅशियम : १.० टक्क्याखाली उणीव, १.५ टक्क्यावर पुरेसे.
मॅग्नेशियम : ०.२ टक्क्याखाली उणीव, ०.३ टक्क्यावर पुरेसे.
जस्त : दशलक्ष भागांत १५ भागांखाली उणीव, २६ भागांवर पुरेसे.
बोरॉन : दशलक्ष भागांत २५ भागांखाली उणीव, ३० भागांवर पुरेसे.

हे आकडे वर्षातून एकदाच छाटल्या जाणाऱ्या, बहुधा स्वमुळांवरील वेलींवरून काढलेले आहेत. आपल्याकडील कलमी बागांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि त्यांतून एक तत्त्व स्पष्ट होते. बोरॉनच्या उणिवेची मर्यादा व पुरेशा प्रमाणाची मर्यादा यांत अवघ्या ५ भागांचे अंतर आहे; आणि अतिरेक झाल्यास तेच द्रव्य पानाच्या कडेला साठून विषारी होते. हा अतिरेक देठात नीटसा दिसत नाही, त्यासाठी पर्णपत्रच तपासावे लागते. परीक्षणावाचून दरवर्षी बोरॉन घालणे किती जोखमीचे आहे, हे यावरून कळेल.

नमुना घेताना बागेतील विकृत व निरोगी वेलींचे देठ स्वतंत्र घ्यावेत. एकाच दिवशी, एकाच वयाच्या व एकाच खुंटावरील या दोन नमुन्यांतील फरक कोणत्याही पुस्तकी निकषापेक्षा अधिक बोलका असतो. दोहोंत फरकच नसेल, तर कारण पोषणाबाहेर शोधावे.

७. घडाच्या विकृती

घड जिरणे व गोळीघड. फळछाटणीनंतर बाहेर पडलेला घड वाढण्याऐवजी आक्रसून गोळा होतो किंवा लांबून बाळीचे रूप घेतो. बागायतदार यास ‘घड बाळीवर जाणे’ म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. घड व बाळी यांचा उगम एकाच प्रकारच्या अंकुरातून होतो. सिडनी विद्यापीठात श्रीनिवासन व मलिन्स यांनी केलेल्या संशोधनातून, ज्याचा आढावा त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला, असे दिसून आले की सायटोकायनिनच्या प्रभावाने हा अंकुर घडाकडे व जिबरेलिनच्या प्रभावाने बाळीकडे झुकतो. काडीतील साठा अपुरा असता, छाटणीनंतर पाऊस लागून शेंड्याची वाढ जोमाने झाली तर दुर्बळ घड मागे पडतो. म्हणून खरा उपाय उन्हाळ्यातच आहे : काड्यांची संख्या मर्यादित ठेवणे, डोळ्यांवर ऊन पडू देणे, नत्र आवरणे व काडी पक्व होऊ देणे.

जिबरेलिनला विरोध करणारी क्लोरमेक्वॉट क्लोराइडसारखी वाढनियंत्रके या कामी वापरली गेली. त्यांचे मोल काय पडू शकते हे २०१० मध्ये दिसून आले. युरोपास गेलेल्या भारतीय द्राक्षांत या द्रव्याचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातीस जबर धक्का बसला. छाटणी व विरळणीने जे साधते ते रसायनावर सोपविणे हितावह नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण देता येणार नाही.

देठ सुकणे व पाणमणी. मण्यांत पाणी उतरू लागल्यावर घडाच्या टोकाकडील किंवा खांद्यावरील देठांवर लहान काळे ठिपके पडतात. त्यापुढील मणी मऊ, पाणचट व आंबट राहतात. जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये या विकृतीवर मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारणीचा उपयोग होतो असा अनुभव आहे. परंतु कॅलिफोर्नियात क्रिस्टेन्सन व बोजेरो यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थॉम्पसन सीडलेसवरील अभ्यासात पालाश, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्याशी निश्चित संबंध आढळला नाही. विकृत देठांत अमोनियायुक्त नत्र मात्र अधिक होते. दाट छाया, नत्राचा अतिरेक आणि घडांचा अवाजवी भार या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे फवारणीची बाटली हाती घेण्यापूर्वी पाने विरळ करावीत व घड कमी करावेत.

गुलाबी मणी. पांढऱ्या जातींत पक्वतेच्या काळी मण्यांवर गुलाबी छटा येते व बाजारात, विशेषतः निर्यातीत, फळ नाकारले जाते. नाशिक भागात हा दोष थंडीत विशेष आढळतो. दिवसाचे ऊन कडक व रात्र अतिशय थंड, म्हणजे तापमानातील दैनिक तफावत मोठी, असे हवामान असता तो वाढतो. येथे खताचा संबंध नाही. पाणी उतरण्याच्या सुमारास घड कागदाने झाकणे हा बागायतदारांनी अंगीकारलेला उपाय उपयुक्त ठरला आहे. कारण तो थेट कारणावर, घडाभोवतीच्या तापमानावर व प्रकाशावर, परिणाम करतो.

८. उपायाची कसोटी

निदान झाल्यावरही उपायाची कसोटी घेणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. कोणतीही फवारणी करताना बागेतील एक-दोन ओळी न फवारता राखाव्यात आणि एका वेळी एकच द्रव्य द्यावे. हवा बदलून, पाऊस थांबून किंवा नवी पाने येऊन आपोआप बरी होणारी विकृती आणि औषधाने बरी झालेली विकृती यांतील भेद या राखलेल्या ओळीच दाखवितात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधासाठी बागायतदाराच्या शेतात प्रयोग करताना या साध्या नियमाचा आग्रह धरावा. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. न फवारलेल्या ओळीतील फळाची जबाबदारी मात्र प्रयोग करणाऱ्याने आधीच निश्चित करून घ्यावी. आपल्या ज्ञानाची किंमत बागायतदाराने मोजावी, हे न्याय्य नव्हे.

सारांश

(१) पानावरील लक्षण उणीव कोठे आहे हे सांगते, ती का आली हे सांगत नाही. स्थान व आकृती पाहून तर्क करावा. निर्णय परीक्षणानंतर घ्यावा.

(२) दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह, जस्त व स्फुरद यांची उणीव बहुधा शोषणाची असते. पाण्यातील बायकार्बोनेट, निचरा व मुळांचे आरोग्य यांचा विचार खताच्या आधी करावा.

(३) करपलेली कड पालाशाची, सोडियमची, क्लोराइडची किंवा थंडीची असू शकते. पालाश घालण्यापूर्वी देठ, माती व पाणी तिन्ही तपासावे.

(४) घडाच्या विकृतींचे मूळ पुष्कळदा मागील उन्हाळ्यात किंवा वेलीवरील अवाजवी भारात असते. ते छाटणी, विरळणी व प्रकाश यांनी सुधारते.

(५) प्रत्येक उपायासोबत उपाय न केलेली ओळ राखावी. तिच्यावाचून मिळालेला गुण हा अनुभव असतो. तिच्यासह मिळालेला गुण पुरावा ठरतो.